‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा?

अलंकार ओळखताना कुणी कुणी सांगतात, ‘जणू’ आला की डोळे मिटून उत्प्रेक्षा (एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणारा अलंकार) लिहावी. परीक्षेत गुण मिळतीलही, पण खरी खूण तो शब्द नव्हे. घाटातलं धुकं घ्या. ‘धुकं दुधासारखं पांढरं’ ही उपमा, म्हणजे साधी तुलना. ‘दरीत कुणी दुधाचं पातेलंच लवंडलंय असं वाटतं’ यात ‘जणू’ नाही, तरी उत्प्रेक्षाच, कारण धुकं हे उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) दूध हे उपमानच (ज्याच्याशी तुलना करायची ते) असावं अशी कल्पना केलीय. ‘हे धुकं नव्हेच, दूध आहे’ म्हटलं की अपन्हुती अलंकार. उपमेय चक्क नाकारलं. उलट ‘जणू काही घडलंच नाही असा जेवायला बसला’ यात ‘जणू’ आहे, पण उपमेय-उपमान कुठंय? (आमच्या घरी हे वाक्य रोजचं!)