गिअर ऑइल दुधाळ निघाले आहे. होडी शाकारण्यापूर्वी आउटबोर्ड इंजिनाचे काय काय करावे?

कर्लीकाठ (प्रश्न)

नमस्कार. देवबागच्या बाजूला कर्लीच्या खाडीत माझी सोळा फुटी फायबरची बोट असते. तिच्यावर ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. बोट दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली, तेव्हापासून मीटरवर एकूण ३१० तास झाले आहेत. धंद्यासाठी वापर अजिबात नाही. रविवारी घरच्या मंडळींना संगमापर्यंत नेऊन आणणे, एवढेच काम.

मागील आठवड्यात मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने खालच्या गिअरचे ऑइल काढले. ते स्वच्छ निघेल अशी अपेक्षा होती, पण दूध घातलेल्या कॉफीसारखे निघाले. त्याशिवाय, इंजिन चालू असताना मागून जी पाण्याची धार उडते, ती पूर्वी हातभर लांब जायची. आता ती जेमतेम खाली ओघळते. ज्या मेकॅनिकला दाखवले त्याचे म्हणणे असे, की ऑइल बदलून टाकावे आणि बाकी काही बघू नये, खाडीच्या पाण्यात असे व्हायचेच. मला हे पटलेले नाही. पावसाळ्यात बोट घरामागच्या पडवीत तीन महिने राहील. टाकीत सुमारे २० लिटर पेट्रोल शिल्लक आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शाफ्ट_आणि_सील, रत्नागिरी

आपल्याला पटले नाही, हेच योग्य आहे. गिअर ऑइल दुधाळ होणे म्हणजे पाणी आत शिरणे. त्याला दुसरे कारण नसते. नुसते ऑइल बदलले, तर पाणी शिरण्याची वाट तशीच राहते. शिवाय इंजिन चालताना होते त्यापेक्षा जास्त नुकसान ते उभे असताना होते. चालत्या गिअरवर निदान तेलाचा थर फिरत राहतो, पण तीन महिने उभ्या इंजिनात खारे पाणी तळाशी बसते आणि जिथे बसते तिथल्या बेअरिंगला गंज धरते. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवल्यावर जो घरघर आवाज येतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा जून महिन्यात पडवीत झालेली असते.

सर्वप्रथम पंखा काढा. कॉटर पिन सरळ करून काढा, नट सोडवा, पंखा आणि त्याच्यामागचा जाड वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा. आता शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, जिथे गिअरच्या पेटीत शिरतो तिथे बॅटरी मारून पाहा. माझ्या वीस वर्षांच्या कामात दुधाळ ऑइलचे सर्वात जास्त आढळलेले कारण तिथेच सापडते, आणि ते म्हणजे तंगूस. गळाची तुटलेली दोरी फिरत्या शाफ्टभोवती गुंडाळली जाते, घर्षणाने तापते, वितळून कड्यासारखी घट्ट बसते आणि ऑइल सीलचा, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर राखणाऱ्या रबरी कड्याचा, ओठ कापते. बाहेरून काहीच दिसत नाही.

तंगूस सापडली तर सील बदलावे लागेल. बहुतेक इंजिनांत तिथे दोन सील असतात आणि दोन्ही एकाच वेळी बदलावेत. नवे सील बसवण्यापूर्वी शाफ्टवरून नख फिरवून पाहा. नख अडकेल अशी खाच पडली असेल, तर नवे सीलही फार दिवस टिकणार नाही, आणि मग शाफ्टचा विचार करावा लागतो. तंगूस सापडली नाही तर गिअरच्या पेटीवर तेल काढण्या-भरण्यासाठी असलेल्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन्ही स्क्रूंच्या खालचे वॉशर संशयित. ते दर वेळी नवे घालायचे असतात. जुना चपटा वॉशर पुन्हा वापरण्याची सवय फार महागात पडते. त्यातही उलगडा झाला नाही, तर गिअरची पेटी रिकामी करून वरच्या छिद्रातून हातपंपाने हवेचा दाब द्यावा. तो इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितला आहे तेवढाच असावा, कारण जास्त दाबाने चांगले सीलही बाहेर ढकलले जाते. मग साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे.

ऑइल भरताना खालच्या छिद्रातून भरावे आणि वरच्या छिद्रातून बुडबुड्यांविना सलग तेल येईपर्यंत थांबू नये. वरून भरले तर आत हवा अडकते आणि पेटी भरल्यासारखी वाटूनही अर्धवट राहते. वरचा स्क्रू आधी बंद करावा, नंतर खालची नळी काढून लगेच खालचा. या क्रमाने तेल सांडत नाही. एक सूचना आवर्जून देतो: काही जुन्या मॉडेलांत खालच्या स्क्रूजवळच तसाच दिसणारा दुसरा स्क्रू असतो आणि तो आतल्या गिअर बदलण्याच्या दांड्याचा असतो. तो सोडवला तर संपूर्ण पेटी उघडावी लागते. म्हणून पाना लावण्यापूर्वी पुस्तिकेतले चित्र नीट पाहून घ्या.

दुरुस्तीनंतर बोट दोन तास चालवा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सरळ उभ्या स्थितीत असताना खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करा. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जमते, त्यामुळे ते शिरत असेल तर पहिला थेंब पाण्याचाच येईल. त्या एका थेंबावरून दुरुस्ती जमली की नाही ते कळते.

मांडवीतीर, पणजी

गिअरविषयी वर सविस्तर आलेच आहे. मी धारेविषयी लिहितो, कारण माझे इंजिन त्याच चुकीतून गेले आहे. धार कमी झाल्यावर प्रथम ती जिथून बाहेर पडते त्या छिद्रात बारीक तार घालून पाहावी. मीठ जमून किंवा कुंभारमाशीने घर करून ते छिद्र बुजते, आणि असे असेल तर काम दोन मिनिटांचे आहे. तार घालूनही धार वाढली नाही, तर इम्पेलर पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा चालवू नका.

इम्पेलर म्हणजे गिअरच्या पेटीवर बसलेले रबराचे छोटे चक्र. त्याच्या पात्या खाडीचे पाणी वर ढकलतात. कर्लीच्या मुखाशी सरकणारी रेती असते, आणि ती पात्यांना आणि त्यांच्या स्टीलच्या कवचाला घासते. माझ्या इंजिनात पात्या एकाच बाजूला कायमच्या वाकल्या होत्या आणि दोन पात्यांचे तुकडेच नव्हते. मी नवा इम्पेलर बसवून मोकळा झालो. महिनाभराने ऐन मांडवीच्या मध्यावर इंजिन तापले, शिटी वाजू लागली आणि मला ओढून आणावे लागले. ते दोन तुकडे वरच्या पाण्याच्या वाटेत, थर्मोस्टॅटजवळ (इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेजवळ) अडकले होते. म्हणून जुना इम्पेलर हातात आला की पात्या मोजाव्यात. एक जरी कमी असेल, तर तो तुकडा सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये. वापर कितीही कमी असला तरी रबर बसून कडक होते, त्यामुळे आपण तासांकडे न बघता दोन वर्षांनी तो बदलावा. रेतीचा भाग असल्याने मी तर दरवर्षी बदलतो.

दुसरी गोष्ट गोड्या पाण्याची. प्रत्येक फेरीनंतर किमान दहा-पंधरा मिनिटे इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. पाणी घेण्याच्या जाळीवर रबरी कान लावून इंजिन मंद गतीवर चालवले, तर थर्मोस्टॅट उघडतो आणि डोक्याकडच्या भागातले मीठही धुऊन निघते. या वेळी पंखा काढलेला असावा, जवळ मूल नसावे, आणि पाणी सुरू होण्याआधी इंजिन क्षणभरही चालू करू नये. कोरडा इम्पेलर काही सेकंदांतच जळतो.

रेवदंडा_धक्का

कोणी पेट्रोलविषयी लिहिले नाही, म्हणून लिहितो. २०२३ पासून आपल्या पंपांवर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मात्र मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात हवेत वाफेला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, आणि इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. पावसाळ्यानंतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते, ते पुष्कळदा यामुळे.

आपले २० लिटर आत्ताच काढून मोटारसायकलीत वापरून टाका आणि टाकी कोरडी करा. त्यानंतर लहान डब्यात ताजे पेट्रोल व त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे औषध) घालून दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे इंजेक्टरपर्यंत ते मिश्रण पोहोचते. कार्बुरेटरचे इंजिन असेल, तर नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत. पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल तर या हंगामात जरूर बसवून घ्यावा. इंजिनाचे तेलही पावसाळ्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे, कारण जुन्या तेलातले आम्ल आणि ओलावा घेऊन इंजिनाने तीन महिने का काढावेत? तेलाच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू ही खूण पाहून घ्यावी. ती सागरी फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी असते, मोटारीचे तेल चालत नाही.

कर्लीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज पंखा काढला. शाफ्टभोवती हिरवट तंगूस वितळून अंगठीसारखी बसली होती. चिमट्याने आणि चाकूच्या टोकाने ती काढायला पाऊण तास लागला. नख फिरवले, खाच लागली नाही. सीलची जोडी मागवली आहे. इम्पेलरच्या पात्या सहाच्या सहा आहेत, पण सगळ्या एका बाजूला वळून लाकडासारख्या कडक झाल्या आहेत, म्हणून तोही बदलतो आहे. एक शंका उरली. पंख्याच्या वरच्या बाजूला जो धातूचा ठोकळा असतो, तो निम्म्याहून अधिक झिजलेला दिसला आणि त्यावर आधीच्या मालकाने रंग मारला आहे. तो तसाच राहू द्यावा का?

शाफ्ट_आणि_सील, रत्नागिरी

तो ॲनोड आहे. इंजिनाच्या धातूऐवजी त्याने झिजावे यासाठीच तो बसवलेला असतो, आणि रंग मारला की त्याचे काम थांबते व गिअरच्या पेटीचे ॲल्युमिनियम झिजू लागते. निम्मा झिजला म्हणजे बदलण्याची वेळ झाली. कर्लीत भरतीला खारे आणि पावसाच्या सुमारास मचूळ पाणी असते, म्हणून जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्या; मॅग्नेशियमचा फक्त गोड्या पाण्यासाठी असतो. बसवण्यापूर्वी त्याची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत घासून घ्या, धातूला धातू लागला पाहिजे. सील आणायला जाल तेव्हा शाफ्टच्या दातांसाठी सागरी ग्रीसही घ्या. पंखा बसवताना ते लावले नाही, तर पुढच्या वर्षी पंखा निघणार नाही. आणि पडवीत इंजिन सरळ उभेच ठेवा, वर उचलून नको, म्हणजे आत राहिलेले पाणी आपोआप निथळून जाईल.