पॉवर-लॉक गेलंय, हे जॅकवर कळतं का?

माटुंगा_३८: काल इथे सल्ला वाचला: मार्क टू ३.८ जॅग्वारचं एक मागचं चाक जॅकवर घ्या, पहिला टाका, क्लच सोडा. गाडी सरकली नाही तर एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल: एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा, आत घर्षणाच्या प्लेटा असलेला मागचा गिअर; या गाडीत त्याचं नाव पॉवर-लॉक) गेलं. कृपा करून कुणी हे करू नका. एलएसडी धड असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली ओढेल, समोर उभ्या माणसाच्या अंगावर.
इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. एकच मागचं चाक वर, एक्सलखाली घोडी (आधाराचा स्टँड). चाक बसवायच्या दोन स्टडवर जाड पट्टी कसा, हबच्या बरोबर मधोमध तिच्यावर नट वेल्ड करा आणि काट्याचा टॉर्क रेंच (पिळाचा जोर दाखवणारा पाना) लावा. सुरुवातीचा झटका धरू नका, फिरतानाचा आकडा लिहा आणि मॅन्युअलशी ताडा. काटा मध्येच पडून पुन्हा चढतो? प्लेट वाकलीय किंवा जळलीय.

चेंबूर_गिअर: सल्ला माझाच. जॅकची चूक मान्य, ती ओळ काढतो. पण तुमचा रेंच फक्त प्रीलोड, म्हणजे इंजिनाचा जोर नसतानाही प्लेटांवर असलेला दाब, मोजतो. पॉवर-लॉकमध्ये खरी पकड रॅम्पची: जोर आला की पिनियनचे (आतल्या छोट्या गिअरचे) आडवे शाफ्ट उतारावर चढतात आणि प्लेटा दाबतात. इंजिन बंद असताना हे होतच नाही. आकडा कमी आला म्हणून हाउसिंग (डिफरन्शियलचं कवच) उघडणार का?
एक चाक ओल्या पेव्हर ब्लॉकवर, दुसरं डांबरावर. हळू रेस द्या. एकच चाक फिरलं तर हँडब्रेक दोन दात ओढा, म्हणजे रॅम्पवर जोर येईल. गाडी निघाली की समजा रॅम्प जिवंत आहे, प्रीलोड संपलाय.

गिरगाव_ऑइल: ड्रेन प्लग कुणी उघडायचा? ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेलं हाउसिंग हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी खेचते. वळताना खडखडतंय तर आधी ९० नंबरचं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल आणि सोबत एलएसडीचं ॲडिटिव्ह भरा. सुट्या कॅनमधलं कसलंही ऑइल ओतून प्लेटांना शिव्या देऊ नका. मग मोकळ्या मैदानात इंग्रजी 8 च्या आकाराच्या दहा फेऱ्या, हळू. तेवढ्याने पुष्कळदा आवाज जातो.

दादर_टायर: आणि टायर? एका बाजूला ८ मिमी नक्षी, दुसऱ्या बाजूला ३. घेरात सुमारे ३१ मिमीचा फरक. २.१ मीटरच्या घेरावर किलोमीटरमागे सात फेऱ्यांची तफावत, सरळ रस्त्यावरसुद्धा! ती सगळी प्लेटा घासून भरून निघते.

चेंबूर_गिअर: विषय निदानाचा आहे. टायरचा वेगळा धागा काढा.

दादर_टायर: टायर हेच निदान! स्टेपनी मागे लावून सहा महिने हिंडायचं आणि मग कुर्ल्यात प्लेटा शोधत फिरायचं, हे थांबवा. दोन्ही टायरांत हवा सारखी करा, खडूने खूण करा, पाच फेरे ढकला, टेपने मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

माटुंगा_३८: टायरचं बरोबर आहे. चेंबूर, हँडब्रेकचंही मानतो, पण अटीवर. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो आणि ब्रेक दोन्हीकडे सारखाच खातो, म्हणून फायदा शून्य. मात्र एका बाजूची केबल ढिली असेल तर साधं डिफरन्शियलही पास होईल. आधी दोन्ही बाजू सारख्या करा.

चेंबूर_गिअर: केबलचं लिहायचं राहिलं, मान्य. पण रेंचचा आकडा ऑइल बदलल्यावरचा असेल तरच बघेन.

गिरगाव_ऑइल: आणि रेस सोडल्यावर मागचा भाग बाजूला ओढत असेल तर पॅनहार्ड रॉडचे (मागचा एक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश आधी बघा. डिफरन्शियल खाली उतरवल्यावर नको.