उरलेल्या टर्कीचं क्रीमी सूप फाटलं, दुसऱ्या खेपेसाठी मदत हवी आहे

पळीपंचपात्र:
मंडळी, जरा घाईने मदत हवी आहे.

परवा रात्री सणाच्या जेवणाला टर्की भाजली होती. माणसं कमी आली, पक्षी भला मोठा. जेवणं झाल्यावर तासाभरात सगळं मांस सोडवून फ्रीजमध्ये टाकलं, तेवढी अक्कल होती.

काल त्यातल्या निम्म्याचं क्रीमी सूप करायला घेतलं. अर्धा सांगाडा तासभर खळखळ उकळला. हाडं काढली, त्या पाण्यात कांदा, गाजर, सेलरी आणि मांसाचे तुकडे घालून आणखी पाऊण तास ठेवलं. मग दोन चमचे मैदा दुधात कालवून ओतला, अर्धा लिटर दूध घातलं आणि दणदणीत उकळी काढली. वर पाणी, खाली फाटलेल्या दुधाचा चुरा. मांसाचा पार चोथा झालेला. शिवाय घोट गिळल्यावर मागे एक कडवटपणा राहत होता, तो कुठून आला ते कळलंच नाही. नवऱ्याने मुकाट्याने वाटीभर संपवलं, ते मला जास्त लागलं.

अजून अर्धा किलो मांस आहे, बरंचसं छातीचं. सांगाड्याचा उरलेला अर्धा भाग आणि पंखही आहेत. आज रात्री पुन्हा करायचंय. कुठे चुकलं?

मंदआच:
दूध कोणतं वापरलंस? आणि आंबट काही घातलं होतंस का? मैदा असला की दूध सहसा एवढं फाटत नाही, पिठामुळे त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. दोन चमचे कमीच, पण तरी.

पळीपंचपात्र:
दूध बिनसायीचं, तेच घरात होतं. आंबट काहीच नाही हो.

झाऱ्याची_मावशी:
अगं, टर्कीच्या पोटात भाजताना काय भरलं होतंस?

पळीपंचपात्र:
कांदा, थाइम आणि... लिंबाच्या फोडी. अरे देवा. त्या सांगाड्याबरोबर पातेल्यात गेल्या.

झाऱ्याची_मावशी:
सापडला चोर! सालीखालचा पांढरा भाग तासभर उकळला की कडू उतरणारच, आणि रस दूध फाडणार. आता जो भाग उरलाय त्याचं पोट आधी साफ कर, थाइमच्या जळक्या काड्यासुद्धा ठेवू नकोस.

मंदआच:
मावशी बरोबर. त्यात बिनसायीचं दूध आणि वर उकळी, म्हणजे तिहेरी मार. घट्ट क्रीम घे, ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं. ते उकळीला बरंच दाद देत नाही, तरी गॅस बारीक केल्यावरच घाल.

चोथ्याचं कारण वेगळं. मांस एकदा शिजलेलं आहे, त्याला फक्त गरम व्हायचंय. ते पुन्हा उकळून रश्शाला फारसं काही मिळत नाही, चव आणि दाटपणा उतरवायचा तो हाडांतून आणि त्यांना चिकटलेल्या मांसातून. म्हणून हाडं आणि पंख दीड लिटर थंड पाण्यात टाकून तीन तास ठेव, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात घोटली जाते आणि रस्सा गढूळ, तेलकट होतो. पंख टाकू नकोस हं, त्यांच्या कातडीतून आणि सांध्यांतून जिलेटिन उतरतं, सूपला बराच दाटपणा तिथून मिळतो. मीठ अजिबात नको, शेवटी बघ.

चमचाभर_जास्त:
मैदा कशाला? दोन बटाटे शिजवून घोटून घाला, झालं.

मंदआच:
बटाट्याने दाट होतं, पण रेशमासारखं होत नाही, आणि मिक्सरमध्ये जास्त फिरवला तर चिकट खळ होते. माझं मत रूलाच, म्हणजे लोण्यात परतलेल्या मैद्याला. लिटरभर रश्शाला ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा. लोण्यात आधी भाज्या मऊ कर, मग मैदा घालून दोन-तीन मिनिटं परत, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग नको. रस्सा पळीपळीने घालत ढवळ, गुठळी धरणार नाही. मग दहा-पंधरा मिनिटं मंद रटरटू दे. क्रीम पाऊण वाटी पुरे. मांस अगदी शेवटी, त्याच्या धाग्यांना आडवे छोटे तुकडे करून.

चमचाभर_जास्त:
बरं, पण कुस्करलेला बटाटा जेवणातला उरला असेल तर तो टाकून द्यायचा का? दोन डाव घातला तर कोणाला कळणारही नाही. उरलेली ग्रेव्हीसुद्धा जाईल, फक्त ती खारट असते.

झाऱ्याची_मावशी:
घाल की, घरचंच सूप आहे. एक मात्र बघ. शिजवलेली टर्की फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच, त्यामुळे आज करतेस तेच बरं. मांस घातल्यावर ७४ अंशांपर्यंत नीट तापू दे, कोमट करून वाढू नकोस. फ्रीजरला टाकायचं असेल तर क्रीम घालायच्या आधी वेगळं काढ, क्रीम घातलेलं वितळल्यावर फुटतं. आणि पातेलं अख्खं गरम फ्रीजमध्ये ठेवू नकोस, उथळ डब्यांत वाटून लवकर गार कर.

पळीपंचपात्र:
रात्री साडेअकरा. झालं!! तीन तास जमले नाहीत, सव्वादोन तास ठेवलं, तरी गार केलेल्या वाटीभर रश्शाची चक्क जेली झाली. पोटातून लिंबाची एक फोड निघालीच, फासळीला चिकटून बसली होती. रू पहिल्यांदा करपला, दुसऱ्यांदा जमला. क्रीम घालताना हात थरथरत होता, काही फाटलं नाही. चमचाभर_जास्त, तुमचा बटाटा एक डाव घातला, मंदआच यांनी माफ करावं.

मांस मऊ राहिलं. मीठ मात्र जास्त झालं, ग्रेव्ही ओतल्यावर चव न घेताच चिमूट टाकली. थोडा बिनमिठाचा रस्सा उरलाय, उद्या त्यात वाढवला तर पातळ होईल का? की थोडा रू वेगळा करून घालू?

मंदआच:
वेगळा करून घाल. आणि चव घे आधी.