भूतकाळात जाता येईल? माझं मत: नाही

ध्रुवतारा:
भविष्यात जाण्याबद्दल वाद नाही, ते रोज घडतंय: वेग आणि गुरुत्वाप्रमाणे घड्याळं कमी-जास्त चालतात, आणि ज्याचं घड्याळ हळू चाललं तो तेवढा इतरांच्या भविष्यात पोचतो. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग हे शास्त्रज्ञ सिझियमची अणुघड्याळं घेऊन प्रवासी विमानांनी पृथ्वीभोवती फिरून आले. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. जीपीएस उपग्रहांवरचं घड्याळ दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं, म्हणून त्याचा वेग आधीच कमी करून ठेवतात.

माझा आक्षेप उलट्या दिशेला आहे. १९४९ साली गणितज्ञ कुर्ट ग्योडेलनं आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या समीकरणांचं एक उत्तर काढलं. त्यात सगळं विश्वच फिरतं, आणि प्रवासी सतत पुढे जात राहूनही स्वतःच्या भूतकाळात पोचतो. हे दाखवून "बघा, शक्य आहे" म्हणणं मला पटत नाही. चौरस शेताचं क्षेत्रफळ १०० दिलं की बाजू अधिक १० निघते आणि उणे १० सुद्धा. उणे दहा मीटरचा बांध कोणी घालत नाही. आपलं विश्व प्रसरण पावतंय, ग्योडेलचं पावत नाही. मग ते उत्तर आपल्या काय कामाचं?

खगोलवेडी:
उणे बाजू फेकायची सवय भौतिकशास्त्रात महागात पडते. १९२८ मधल्या डिरॅकच्या समीकरणातून ऋण ऊर्जेची उत्तरं निघाली. त्यानं ती केराच्या टोपलीत टाकली नाहीत, आणि १९३२ साली अँडरसनला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा जुळा कण, सापडला. कृष्णविवरांचंही तेच. १९३९ साली खुद्द आइन्स्टाइननं लेख लिहून अशी वस्तू प्रत्यक्षात बनणार नाही असं मांडलं होतं. २०१९ मध्ये आपण एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र पाहिलं. कागदावरचं उत्तर नाकारायचं तर कुठला नियम मोडतो ते दाखवा. "विचित्र वाटतं" हा नियम नव्हे.

जुना वाचक:
आपल्या पुराणात हे आहेच की. ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, परत येईपर्यंत इथे युगं उलटली.

ध्रुवतारा:
@जुना वाचक, गोष्ट सुंदर आहे, पण तो भविष्यातला प्रवास झाला. राजाला आपल्या जुन्या काळात परतता आलं नाही.

@खगोलवेडी, नियम विचारलात, तर घ्या. १९८८ साली मॉरिस, थॉर्न आणि युर्त्सेव्हर यांनी वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचं, एक तोंड वेगानं दूर नेऊन परत आणायची कल्पना मांडली. दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडतो आणि आत शिरलेला माणूस आधीच्या वेळी बाहेर येतो. पण तो बोगदा उघडा राहायला ऋण, म्हणजे रिकाम्या पोकळीपेक्षाही कमी, ऊर्जा लागते. प्रयोगशाळेत त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर कॅसिमिर परिणाम, म्हणजे धातूचे दोन पत्रे अगदी जवळ आणले की मधल्या पोकळीतली ऊर्जा घटते तो, आणि तोही अतिसूक्ष्म फटीत! शिवाय असं यंत्र तयार होण्याआधीच्या काळात त्यातून जाताच येत नाही. म्हणजे शिवकाळ बघायला जायचं स्वप्न तिथेच संपतं.

खगोलवेडी:
शिवकाळाचं मान्य. पण "अवघड" आणि "अशक्य" यांत तुम्ही गल्लत करताय. अशक्य म्हणायचं तर हॉकिंगचा १९९२ चा युक्तिवाद हवा: यंत्र चालू होण्याच्या क्षणी पोकळीतली ऊर्जा बेसुमार वाढून ते उद्ध्वस्त होईल. तो मला गंभीर वाटतो. पण हॉकिंगनंही त्याला अटकळच म्हटलं, सिद्धता नाही. १९९७ मध्ये के, राद्झिकोव्स्की आणि वॉल्ड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की यंत्र चालू होण्याच्या नेमक्या त्या सीमेवर हॉकिंगनं वापरलेलं गणितच भरवशाचं राहत नाही. निकाल पुंज-गुरुत्वाच्या, म्हणजे पुंजभौतिकी (क्वांटम) आणि गुरुत्व यांना जोडणाऱ्या, सिद्धांताकडे जातो, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही.

ध्रुवतारा:
मग आजवर मांडलेली प्रत्येक रचना कुठे ना कुठे का अडते? टिपलरच्या १९७४ च्या फिरत्या दंडगोलाला अनंत लांबी लागते, गॉटच्या १९९१ च्या रचनेला प्रकाशाच्या जवळपास वेगानं एकमेकींना ओलांडणाऱ्या अनंत लांबीच्या वैश्विक तारा (कॉस्मिक स्ट्रिंग, म्हणजे ऊर्जेचे अतिबारीक काल्पनिक धागे). दर वेळी अडथळा नवा आणि निकाल तोच. मला यात निसर्गाचा एकच नियम दिसतो, जो आपल्याला अजून लिहिता आलेला नाही.

खगोलवेडी:
तो लिहून दाखवा, मी मत बदलीन. तोवर माझं उत्तर "माहीत नाही" असंच राहील.