लॉबीत कुठलं चित्र लावायचं?

सेक्रेटरी: लॉबीचा रंग झाला. लिफ्टसमोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र लावायचं आहे. सुचवा. गुड मॉर्निंग दुसऱ्या ग्रुपवर 🙏

बी-३०२: सात घोडे. तोंड पूर्वेला.

ए-५०१: घोडे नकोत हो, जिथे जावं तिथे तेच. सुधीर पटवर्धनांच्या 'लोअर परळ'चा प्रिंट लावू या का? २००१ चं चित्र आहे. गिरणीची चिमणी आणि नवे टॉवर एकाच चौकटीत.

सी-१०३: शोधून बघितलं. ताई, राग मानू नका, पण दमून घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला? पूल, पत्रे, गर्दी. दिवसभर बघतोच की.

बी-२०४: हे डॉक्टर होते ना? ठाण्यात? म्हणजे शहराचा एक्स-रे 😄

ए-५०१: हो, रेडिऑलॉजिस्ट. १९७५ ते २००५, तीस वर्षं. चित्रकला स्वतःच शिकले. पण ती एक्स-रेची कोटी आता पुरे, जो तो करतो.
सी-१०३, तुमचं म्हणणं कळतं. पडझडीच्या चित्रांचा मलाही कंटाळा आहे. पोपडे आलेली भिंत, गंजलेले गज, एक मांजर, झालं कॅलेंडर! माणूस औषधालाही नाही. यांच्याकडे माणसं असतात. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०) बघा. पुढे पुढे शहरच मोठं होत गेलं आणि माणसं त्याच्या कोपऱ्यांत सरकली. ते सरकणंच मला बघावंसं वाटतं.

सी-१०३: तरी लॉबीत नको. जिन्यात लावा.

बी-३०२: जिन्यात घोडे पण चालतील.

ए-००२: टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. मी गिरणीत साच्याखात्यात होतो, म्हणजे मागांवर. आधी बदली कामगार, मग कायम. साच्यांचा आवाज एवढा, की शेजारच्याशी ओठ वाचून बोलायचं. अजून घरात मोठ्यानं बोलतो म्हणून बोलणी खातो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा वाटलं महिना-दोन महिने. डबा खात्यातच राहिला होता माझा.
नातवाने हे चित्र फोनवर मोठं करून दाखवलं. चिमणी दिसली की मी आधी धूर शोधतो. सवय.

सी-१०३: काका, तुम्ही गिरणीत होतात हे माहीतच नव्हतं.

ए-००२: विचारलं कोणी?

ए-५०१: काका 🙏 आणि २००१ या सालाचं एक सांगते. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा, तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची राहिली. शेड उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर! आणि गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. चित्र त्याच २००१ चं.

बी-२०४: म्हणजे वाटणी आधी कागदावर झाली, टॉवर नंतर दिसले.

ए-५०१: काही आधीच दिसायला लागले होते. पण हो.

सेक्रेटरी: बरं. नेटवरून उतरवून फ्लेक्सवाल्याकडून प्रिंट काढतो. पाच बाय तीन चालेल?

बी-२०४: सेक्रेटरीसाहेब, ती इमेज लहान आहे, एवढ्या मापात फाटणार. चिमणीच्या जागी चौकोन दिसतील.

ए-५०१: आणि परवानगी लागते हो! चित्रकार हयात आहेत, हक्क त्यांचा. गॅलरीमार्फत रीतसर विचारू. मी पत्र लिहिते. तोवर फ्लेक्सवाल्याला आवरा.

सी-१०३: नाही मिळाली परवानगी तर?

बी-३०२: घोडे 🐎

सी-१०३: तसं असेल तर मी चिमणीच्या बाजूने.

ए-००२: काचेची फ्रेम करू नका. समोर ट्यूब आहे, काचेत आपलंच तोंड दिसेल.

सेक्रेटरी: नोंद घेतली. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय क्र. ४. आणि सी-विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी बंद केलाय?