मे महिन्यात अंदमान: मुलांना घेऊन गेलेल्यांनो, अनुभव सांगा

निकाल लागायच्या आधीच लेकीने जाहीर केलंय, यंदा बेट. डोंगर नको, किल्ला नको, बेट. आम्ही पाच जण आहोत: आम्ही दोघं, अकरा वर्षांची ही, चार वर्षांचा धाकटा आणि सासरे. सासऱ्यांना फक्त सेल्युलर जेल बघायचंय, बाकी तुम्ही न्याल तिकडे. जाहिरातींमधले कार्यक्रम बघून गरगरलं. पाच रात्रींत नऊ ठिकाणं! जाऊन आलेल्यांनी, जमलं तर, काय फसलं ते लिहा. काय सुंदर आहे ते फोटोत दिसतंच.

⁂

फसलेल्यांत आमचा नंबर पहिला. शाळांच्या तारखा आणि नवऱ्याची रजा जुळवता जुळवता मेचा शेवटचा आठवडा मिळाला. केरळात पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो, म्हणजे आपण त्याच्या आधी परत, असा आमचा हिशोब. अंदमानला तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो हे कुणी बघितलंच नव्हतं. (२०२५ साली तर १३ मेलाच निकोबारला हजर झाला होता.) पाऊस परवडला, पण समुद्र खवळला की बोटी बंद. आम्ही शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नीलवर, अडकलो. धक्क्यावर सामान घेऊन बसायचं, दुपारी कळायचं की आज नाही. असे दोन दिवस गेले. विमान सुटलं, नवी तिकिटं काढताना झालेला संवाद इथे लिहिण्यासारखा नाही.

म्हणून एकच सांगते. लांबची बेटं आधी उरका आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. (आता नाव श्री विजयपुरम आहे, २०२४ पासून. आमच्या तोंडी जुनंच बसलंय.) जेल, म्युझियम, समोरचं रॉस बेट हे सगळं त्या दोन दिवसांत होतं. बोट चुकली तरी विमान चुकत नाही.

⁂

वरच्याला जोड. बोट लागण्यावरची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास द्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. मुलांची गोळी आणि तिचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून न्या. खासगी बोटी झटपट पोचवतात पण आत बंद, एसी. सरकारी बोट हळू जाते, पण डेकवर वारा मिळतो. आमच्या पोराला डेकवर काही झालं नाही, एसीत मात्र तीन पिशव्या.

⁂

घड्याळाबद्दल कुणी बोललं नाही अजून. वेळ भारताचीच, पण बेटं पार पूर्वेला. मेमध्ये पहाटे पाचला लख्ख उजेड आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत सूर्य बुडालेला. आम्ही सवयीने ऊन उतरल्यावर, पाचनंतर, स्वराज द्वीपवरच्या (जुन्या हॅवलॉकवरच्या) राधानगरच्या किनाऱ्यावर पोचलो. मुलांनी कपडे बदलून पाण्यात पाय घातला, बादली-फावडं काढलं, आणि शिट्टी! जीवरक्षक सगळ्यांना बाहेर काढत होते. धाकटी भरलेली बादली घेऊन रडत गाडीत बसली. दुसऱ्या दिवसापासून सहाला पाण्यात, नऊला परत, दुपारी सक्तीची झोप, साडेतीनला पुन्हा पाण्यात. मेच्या उकाड्यात दुसरं काही जमतही नाही. पहाटे उठायला कटकट करणारी आमची कार्टी तिथे आपणहून उठत होती.

⁂

सासऱ्यांसाठी लिहितो, कारण मीही आजोबाच आहे. नातू नऊ वर्षांचा. जेलमध्ये तो कंटाळणार हे मी धरूनच चाललो होतो. मधला मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, त्यातल्या तीनच आता उभ्या, हे मी सांगत होतो आणि तो खारीकडे बघत होता. मग आम्ही एका कोठडीपाशी आलो. दाराची कडी दारावर नाहीच, लांब भिंतीतल्या खोबणीत आहे. गाइड म्हणाला, आत जा आणि कडीला हात लावून दाखव. पोरगा आत गेला, गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, गाल गजाला चेपला. बोटं वीतभरही जवळ जाईनात. "आजोबा, मोठ्या माणसाचा पोचत असेल ना?" मी आत जाऊन माझा हात घालून बघितला. नाही पोचत. त्यानंतर सावरकरांच्या कोठडीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तिथे फक्त विचारलं, किती वर्षं? १९११ ते १९२१ म्हटल्यावर बोटं मोजली आणि म्हणाला, माझ्यापेक्षा जास्त.

कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. गुडघ्यांचा विचार करून सकाळी जा. रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम चांगला आहे, पण चार वर्षांचं मूल त्यात झोपणार.

⁂

मी उलटं बोलणार. मेमध्ये जाऊच नका. उकाडा, दमट हवा, पावसाची टांगती तलवार. डिसेंबर ते मार्च समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं. नाताळची सुट्टी कशासाठी असते?

⁂

नाताळच्या सुट्टीत आठ दिवस मिळतात, तेही सगळ्यांना एकदम, म्हणून गर्दीही एकदम. एप्रिलअखेर ते १० मे हा काळ आम्हाला उत्तम गेला. दोन सरी आल्या, बास.

⁂

आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग बोटीची आणि हॉटेलची तिकिटं काढा. अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या सहलीतला सर्वांत भारी तास त्यामुळेच मिळाला. शहीद द्वीपवर लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. भरतीला गेलात तर नुसती लांबून कमान दिसते. ओहोटीला मात्र खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात. स्थानिक वाटाड्याने मुलांना उकिडवं बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. एका खाचेत जांभळे ओठ असलेला मोठा शिंपला होता. पाण्यावर सावली पडली की मिटायचा, हळूहळू उघडायचा. मुलांनी हाताची सावली पाडून तो चारदा मिटवला, मग वाटाड्यानेच थांबवलं, बिचाऱ्याला दमवू नका म्हणाला. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा मित्राची मागच्या आठवड्यातली वेळ उपयोगाची नाही. पायात पट्ट्याच्या रबरी चपला हव्यात, खडक धारदार आहेत.

⁂

बाराटांग बेट लहान मुलांसोबत टाळा. पहाटे तीनला उठून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग, मग गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून प्रवास. थांबायचं नाही, फोटो नाही, काही द्यायचं नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे होडीतून खारफुटीतून जाणं सुंदर, चुनखडीच्या गुहा ठीकठाक. पण ताफ्यात मुलीने विचारलं, त्यांना आपण यायला हवे आहोत का? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. परत जायचं झालं तर मी तो दिवस राधानगरला काढेन.

⁂

स्कुबासाठी तुमची अकरा वर्षांची चालेल, साधारणपणे दहा वर्षं पूर्ण लागतात. फक्त तो शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. धाकट्यासाठी तळाला काच असलेली होडी. आणि वाळूतल्या बारीक माश्यांवर काहीतरी न्या. चावलेलं कळत नाही, रात्री पाय खाजवून सोलून निघतात. चटईवर बसा, थेट वाळूत नको. खारफुटीजवळ मगरीचे इशारे देणाऱ्या पाट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत.

⁂

परतीच्या विमानतळावरची गोष्ट. मुलाच्या पँटच्या खिशात प्रवाळाचा तुकडा, सुपारीएवढा. त्याने किनाऱ्यावर मेलेला म्हणून उचललेला. आम्हाला पत्ताच नाही. मेलेला असो की जिवंत, वन्यजीव कायद्याने प्रवाळ नेता येत नाही. तपासणीतल्या बाईंनी त्याच्यासमोर तळहात धरला, त्याने तुकडा त्यावर ठेवला. त्या एवढंच म्हणाल्या, "समंदर का है ना?" तो मान खाली घालून हो म्हणाला. निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे, बादल्या, बुटांचे तळ तपासा. आमच्या बादलीत अजून दोन निघाले असते.

⁂

धागाकर्ती परत आले. सगळ्यांचे आभार, कार्यक्रम पार बदलला. २८ एप्रिलला निघतोय. नऊ ठिकाणांची पाच झाली, बाराटांग गेलं, शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. सासऱ्यांनी ओहोटीच्या वेळा वहीत उतरवून त्यावर शहीद द्वीपचा दिवसही हलवून घेतला. आजोबांचा अनुभव त्यांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

लेकीचा एकच प्रश्न उरलाय. शंख-शिंपले आणायचे नाहीत, तर मैत्रिणींना काय आणायचं? सुचवा.