मदत हवी आहे : सरावाचा पूल मोडेपर्यंत भार टाकावा का?

आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलाची स्पर्धा आहे. माझ्याकडे ४ टीम, हातात १२ दिवस. पहिल्या सराव चाचणीत बादली लटकवून वाळू ओतली, तर ३ पूल काडी न मोडताच गेले: एका बाजूला पिळले आणि सांधे सुटले. (गम लाकडाचा पांढराच, चिमटे लावून २४ तास सुकवलेला.) आता वरच्या बाजूला तिरप्या काड्या जोडल्यात, वाळू मगाने मोजून ओततो, व्हिडिओही काढतो. काड्या मोजक्याच उरल्यात. स्पर्धेचा धरून प्रत्येक टीमचे दोनच पूल होतील. मुलांना अर्थातच मोडायची घाई! सरावाचा पूल मोडून कमजोर सांधा शोधावा, की वाक मोजत मध्येच थांबून तो राखीव ठेवावा? आणि थांबायचं ते नेमकं कशावरून ठरवता?